फुलझाडं सगळेच विकतात, तुम्ही अळीचं झाड विका : देहू-चाकण पट्ट्यात फुलपाखरू बागेचा जोडधंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फुलपाखरू बागेच्या धंद्याची तोंडओळख करून घेतली. व्हिडिओत रोपांची यादी, हिशेब, गिऱ्हाईकाशी काय बोलायचं हे सगळं पळवत सांगावं लागतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

हा लेख कोणासाठी? देहू, येलवाडी, इंदोरी, तळवडे, चिखली, मोशी, महाळुंगे, खालुंब्रे या भागात ज्यांच्याकडे घरामागे एखादा गुंठा मोकळा आहे, पाण्याची सोय आहे आणि महिन्याला थोडी जादा कमाई हवी आहे, त्यांच्यासाठी. घर सांभाळून काहीतरी करू पाहणाऱ्या ताई, शिफ्टमध्ये काम करणारे दादा, निवृत्त काका, सगळ्यांना जमण्यासारखं काम आहे. पण एक अट आहे. हा धंदा नेमका कशाचा, ते आधी समजलं पाहिजे. ते न समजता उतरलात तर पहिल्याच पावसाळ्यात गिऱ्हाईक रोप परत घेऊन येईल.

फुलपाखरू बागेत येतं कशाला?

दोन कामांसाठी. पहिलं, फुलातला मध प्यायला. दुसरं, अंडी घालायला.

मधासाठी त्याला अनेक फुलं चालतात. पेंटास, एक्झोरा, झिनिया, झेंडू, पगोडा, कुठलंही. पण अंडी घालताना मादी फार चोखंदळ असते. ती पानावर बसून पायांनी पानाची चव घेते, आणि आपल्या पिल्लांना चालणारं झाड सापडलं तरच अंडं ठेवते. अंड्यातून निघालेली अळी दुसरं पान सहसा खातच नाही. लिंबाची अळी रुईवर ठेवा, उपाशी मरेल.

आता बाजारात काय चाललंय ते बघा. बहुतेक नर्सऱ्यांमध्ये ‘बटरफ्लाय प्लांट’ म्हणून जे विकलं जातं ते मधाचं झाड असतं. उरुळी कांचनकडून किंवा थेट आंध्रातल्या कडियमहून गाडी येते, रंगीत फुलांच्या कुंड्या उतरतात, विकल्या जातात. गिऱ्हाईकाकडे फुलपाखरू येतं, दोन मिनिटं बसतं, निघून जातं. फुलं संपली की तेही बंद. म्हणजे आपण त्याला चहाची टपरी दिली, राहायला घर दिलंच नाही.

इथेच तुमची जागा आहे. फुलझाडं विकणारे रस्त्यारस्त्यावर आहेत. अळीचं झाड समजून, सांगून विकणारा क्वचित भेटतो.

कोणती रोपं लावायची?

खाली दिलेली झाडं आपल्याच भागात वाढतात. बरीचशी तर बांधावर, नदीकाठी, पडीक प्लॉटवर आपोआप येतात आणि ‘तण’ म्हणून उपटली जातात. चाकणकडे एकेक प्लॉट सपाट होत जातो, तेव्हा सगळ्यात आधी हीच झाडं जातात. सुरुवातीला यातली पाच-सहा निवडा.

१. कढीपत्ता आणि लिंबू. तुमचा हुकमी एक्का. यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन अंडी घालतात. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हेसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. २०१५ साली महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. लिंबू विकताना हे गिऱ्हाईकाला नक्की सांगा, चेहरा खुलतो.

२. पानफुटी. फ्लॅटवाल्यांसाठी सगळ्यात सोयीचं. पान मातीवर ठेवलं की कडेनं नवी रोपं फुटतात, म्हणजे तुमचा रोपाचा खर्च जवळजवळ शून्य. यावर रेड पिएरो हे काळं-पांढरं-नारिंगी छोटं फुलपाखरू येतं. त्याची अळी जाडसर पानाच्या आत शिरून आतला गर खाते. बाल्कनीतल्या एका कुंडीत सगळा खेळ बघायला मिळतो.

३. रुई आणि हळदीकुंकू. प्लेन टायगरसाठी. रुई बांधावरची, हळदीकुंकू म्हणजे लाल-पिवळ्या फुलांचं ते शोभेचं झाड, मूळचं परदेशी. दोन्हींचा चीक विषारी, डोळ्यांत गेला तर त्रास होतो. अळी तेच विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला आणि पुढे फुलपाखरालाही टाळतात. या झाडांवर पिवळा मावा हमखास पडतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवायचा, औषध मारायचं नाही. धुण्याआधी अळ्या-अंडी असलेली पानं बघून बाजूला धरा.

४. कण्हेर. कॉमन क्रो या गडद तपकिरी फुलपाखरासाठी. त्याचं कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखं चकाकतं, लोक फोटो काढायला धावतात. हेच फुलपाखरू वड, उंबराच्या कुळावरही वाढतं. देहूतल्या वैकुंठस्थानाजवळची नांदुरकी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तीही याच कुळातली. कण्हेर मात्र विषारी आहे. लहान मुलांच्या शाळेला देऊ नका.

५. आसुपालव, सोनचाफा, सीताफळ. टेल्ड जे हे हिरव्या ठिपक्यांचं, चपळ फुलपाखरू यांच्यावर वाढतं. सोसायट्यांच्या कुंपणाला उंच सरळ आसुपालव आधीपासून असतोच. म्हणजे तिथे अर्धी बाग तयार आहे, फक्त फवारणी थांबवायची आहे.

६. बहावा आणि टाकळा. पिवळसर-पांढऱ्या कॉमन एमिग्रंटसाठी बहावा. टाकळा पावसाळ्यात फुकट उगवतो, आपण त्याची भाजीही खातो. छोटी पिवळी ग्रास यलो फुलपाखरं त्याच्यावर येतात.

७. कोरांटी. लेमन पॅन्सी, ब्लू पॅन्सी. काटेरी, काटक, कमी पाण्यात तगणारी. कंपनीच्या कुंपणाला उत्तम.

८. ईश्वरी, म्हणजे सापसंद. कॉमन रोज आणि क्रिमसन रोज यांच्या अळ्या याच कुळातल्या वेलींवर जगतात. रोप मिळायला अवघड, वाढायला हळू, म्हणून भावही चांगला. औषधी म्हणून लोक पानं मागतील, तेव्हा स्पष्ट सांगा की ही वेल खाण्यासाठी नाही.

यांच्या जोडीला मधाची दोन-तीन झाडं ठेवा. घाणेरीवर फुलपाखरं खूप येतात हे खरं, पण ती आक्रमक पसरते. ती विकू नका.

गिऱ्हाईकाचा फोन येणारच : “अळ्या पडल्यात हो!”

आता या धंद्यातली खरी गोष्ट. तुम्ही उत्तम रोप दिलंत, फुलपाखरानं अंडी घातली, अळ्या निघाल्या, पानं कुरतडली. म्हणजे माल शंभर टक्के चालला. आणि नेमकं त्याच दिवशी गिऱ्हाईक चिडून फोन करतं : “रोप खराब दिलंत, सगळी पानं खाल्ली!”

बाकी कुठल्याही धंद्यात माल चालला की गिऱ्हाईक खूश. इथे उलटं आहे. म्हणून रोप विकण्याआधी, पैसे हातात घेण्याआधी, हे बोलायचं :

“ताई, या झाडाची पानं अळ्या खाणार. ती खावीत म्हणूनच हे झाड तुम्ही घेताय. पानाला भोकं दिसली की समजा, पाहुणे आले. झाड मरत नाही, पुन्हा पालवी फुटते.”

हे ऐकून चार जण रोप न घेता निघून जातील. जाऊ द्या. जे राहतील ते परत येतील आणि दुसऱ्यांना घेऊन येतील.

कढीपत्त्याला तर आणखी एक भांडण असतं. घरात तो फोडणीला हवा असतो. मग एक विकूच नका, जोडी विका. एक फोडणीचा, एक अळीचा. फोडणीच्या झाडावर अळी दिसली तर उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायची. गिऱ्हाईकाचं समाधान, तुमची विक्री दुप्पट. नवीन माणसाला कुठलंही रोप जोडीनंच द्या. एकावर अळ्या चरतात तोवर दुसरं पालवी धरतं.

प्रत्येक रोपासोबत पोस्टकार्डाएवढं मराठी कार्ड द्या. त्यावर एवढंच :

- अंडं फुटायला साधारण ३ ते ५ दिवस, अळीचे २ ते ३ आठवडे, कोषाचा १ ते २ आठवडे. एकूण महिनाभराचा कार्यक्रम. थंडीत जरा जास्त लागतो.
- लिंबू-कढीपत्त्यावरची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. घाण समजून पुसू नका. मोठी झाली की हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घाबरवायचं नाटक आहे, चावत नाही.
- काही अळ्यांच्या अंगावर काटे दिसतात, उदाहरणार्थ कोरांटीवरच्या. पण दाट केसांचा सुरवंट दिसला तर हात लावू नका, तो बहुतेक पतंगाचा असतो आणि खाज उठू शकते.
- सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होत नाहीत. काही पक्षी नेतात, काही गांधीलमाशी नेते. निसर्गाचा हिशेब असाच चालतो.

शेवटची ओळ फार महत्त्वाची. तुम्ही झाड विकताय, फुलपाखराची गॅरंटी देत नाही. ‘महिन्यात ५० फुलपाखरं’ असं बोर्डावर लिहिलंत की संपलात.

औषधाचा प्रश्न : इथे तडजोड नाही

बाहेरून आणलेलं चकचकीत रोप बऱ्याचदा औषध मारलेलं असतं. काही कीटकनाशकं पानावर नुसती बसत नाहीत, झाडाच्या रसात भिनतात. इमिडाक्लोप्रिड हे त्यातलंच. वरून धुऊन ती जात नाहीत. असं रोप तुम्ही ‘फुलपाखराचं झाड’ म्हणून विकलंत तर काय होईल? मादी येईल, अंडी घालेल, लहान मुलगी रोज सकाळी अळी बघायला जाईल आणि तिसऱ्या दिवशी अळ्या काळ्या पडून खाली पडलेल्या दिसतील. त्या घरातून तुमचं नाव कायमचं गेलं.

म्हणून तीन नियम पाळा :

पहिला, जमेल तितकी रोपं स्वतः बी किंवा छाट लावून तयार करा. दुसरा, बाहेरून आणलंच तर वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, नवी पालवी पूर्ण येऊ द्या, त्यावर आपोआप आलेल्या अळ्या नीट जगतात का बघा, मगच विकायला काढा. तिसरा, ‘सेंद्रिय आहे, चालतं’ या भ्रमात राहू नका. बीटी नावाची जैविक पावडर अळ्या मारण्यासाठीच असते. निंबोळी तेलानंही अळ्या खायचं सोडतात.

सोसायटीचं काम घेताना धुरळणीबद्दल आधी बोला. डासांसाठी धूर फिरला की फुलपाखरंही जातात. बागेचा कोपरा धुरळणीतून वगळायचं लेखी ठरत नसेल तर ते काम घेऊ नका.

कायदा दोन ओळींत

झाडं विका, फुलपाखरं विकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या याद्यांमध्ये फुलपाखरंही आहेत, त्यामुळे पकडणं, कोष विकणं, लग्नात-वाढदिवसाला डब्यातून फुलपाखरं सोडणं या वाटेला जायचं नाही. कितीही पैसे मिळोत.

जीएसटीत जिवंत रोपांवर कर शून्य आहे. पण बाग करून देणं आणि सांभाळणं ही सेवा आहे, तिचा नियम वेगळा. दोन्हींची बिलं वेगळी ठेवा आणि एकदा सीएला विचारून घ्या.

आता हिशेब

हे आकडे उदाहरणाचे आहेत. पद्धत घ्या, आकडे तुमचे टाका.

समजा ३०० पिशव्या भरल्या. पिशवी, माती, शेणखत, कोकोपीट, बी किंवा छाट मिळून एका पिशवीला ₹१८, म्हणजे ₹५,४००. चार महिने रोज एक तास काम, ताशी ₹७५ धरले तर ₹९,०००. हो, स्वतःची मजुरी धरायचीच. ती न धरणं ही आपल्या लोकांची जुनी सवय आहे. कार्ड आणि वाहतूक ₹२,४००. एकूण ₹१६,८००.

३०० तली ६० मेली असं धरा. हातात राहिली २४०. म्हणजे एक रोप तुम्हाला ₹७० ला पडलं.

कढीपत्त्याचं रोप शेजारच्या नर्सरीत ₹५० ला मिळत असेल, तर सुटं रोप विकून तुम्ही घाट्यात जाणार. म्हणून सुटं विकूच नका. पाच रोपांचा ‘बाल्कनी संच’ करा : दोन कढीपत्ता, एक लिंबू, एक पानफुटी, एक पेंटास. किंमत ₹७५०. रोपांचा खर्च ₹३५०, खोका आणि घरपोच ₹१००. उरले ₹३००. असे ४८ संच गेले तर ₹१४,४००. त्यातून शेडनेटचे ₹६,००० पहिल्या वर्षी वजा करा, राहिले ₹८,४००. तुमची मजुरी आधीच निघाली आहे.

बघितलंत? नुसत्या रोपांवर नोकरी सोडायची नाही. रोपं ही ओळख. नियमित पैसा आहे बाग सांभाळण्यात. सोसायटीचा २०० चौरस फुटांचा कोपरा करून द्यायचा आणि महिन्याला दोन फेऱ्या, समजा ₹२,५०० देखभाल. अशा चार सोसायट्या धरल्या तर दरमहा ₹१०,०००. हे पैसे पावसाळा संपल्यावरही चालू राहतात.

विकायचं कोणाला, आणि दार कोणतं ठोठवायचं?

*सोसायट्या :* मोशी, चिखली, रावेतकडच्या नव्या सोसायट्यांना मुलांसाठी काहीतरी हवं असतं. कमिटीला सगळी बाग बदला म्हणू नका, एक कोपरा मागा.

*कंपन्या :* चाकण-महाळुंगेच्या अनेक कंपन्यांना परवानगीच्या अटींमुळे हरित पट्टा राखावा लागतो. पण सीएसआरच्या साहेबांना भेटून ‘तुमच्या आवारात बाग करू’ म्हणालात तर नकार मिळेल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचा पैसा समाजासाठी असतो, स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी किंवा आवार सजवायला नाही. आवारातली बाग अॅडमिन किंवा पर्यावरण-सुरक्षा विभागाच्या खर्चातून होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाग सीएसआरमधून होऊ शकते. दार बरोबर निवडलं तर निम्मं काम झालं. आणि कंपनीचं पेमेंट ६०-९० दिवसांनी येतं, म्हणून रोपांचे पैसे अॅडव्हान्स घ्या.

*शाळा :* इथे पैसा कमी, पण एका शाळेतून चाळीस घरं मिळतात. कण्हेर आणि रुई टाळा. लिंबू, पानफुटी, कोरांटी, बहावा द्या.

हे चालतं का? चाललेलं बघा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याला ‘ओवळेकर वाडी फुलपाखरू उद्यान’ आहे. शाळेत खेळाचे शिक्षक असलेल्या राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या सुमारे दोन एकर शेतजमिनीवर ते उभं केलं. काचेची खोली नाही, जाळी नाही. अळ्यांची आणि मधाची झाडं लावली, फुलपाखरं स्वतःहून आली, आणि माणसं तिकीट काढून ती बघायला येऊ लागली. गोव्यात फोंड्याजवळही बटरफ्लाय कॉन्झर्व्हेटरी ऑफ गोवा याच पद्धतीनं चालतं. एकदा जाऊन या. कुठलं झाड कुठे लावलंय, माहिती कशी सांगतात, तिकीट कसं घेतात, सगळं टिपून घ्या. रोपवाटिकेचं तंत्र नीट शिकायचं असेल तर तळेगाव दाभाड्याला उद्यानविद्येचं प्रशिक्षण केंद्र आहे, आपल्याला हाकेच्या अंतरावर.

वर्षाचं वेळापत्रक

फेब्रुवारी ते मे : बी आणि छाट लावा, शेडनेटखाली रोपं सांभाळा. जून-जुलै : ५ जूनचा पर्यावरण दिन आणि जुलैचा वनमहोत्सव, शाळा-कंपन्यांच्या ऑर्डरी. त्यांचं बोलणं मात्र एप्रिलमध्येच करून ठेवा. ऑगस्ट ते नोव्हेंबर : फुलपाखरांचा खरा हंगाम. सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ साजरा होतो, २०२० पासून. तेव्हा सोसायटीत रविवारी सकाळी तासाभराची फेरी ठेवा. डिसेंबर-जानेवारी : छाटणी, हिशेब, पुढची तयारी.

या महिन्याचा गृहपाठ

एक रुपया न गुंतवता करायचं काम. घरातला किंवा शेजारचा कढीपत्ता किंवा लिंबू निवडा. त्यावर महिनाभर कुठलंही औषध मारू देऊ नका. रोज सकाळी कोवळ्या पानांच्या दोन्ही बाजू बघा. मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळसर गोल दाणा दिसला की तारीख लिहा आणि फोटो काढा. मग रोज एक फोटो, कोष होऊन फुलपाखरू उडेपर्यंत. मध्येच अळी दिसेनाशी झाली तर तेही लिहा आणि दुसरं अंडं शोधा.

ते फोटो म्हणजे तुमचं दुकान. चिडलेल्या गिऱ्हाईकाला ते दाखवाल, सोसायटीच्या मीटिंगला दाखवाल, शाळेच्या मुख्याध्यापकांना दाखवाल. आणि एक महिना रोज पान उलटून बघायचा तुम्हालाच कंटाळा आला, तर हा धंदा आपला नाही, हेही फुकटात कळेल.

पुढच्या व्हिडिओत सोसायटीच्या कमिटीला द्यायचं एक पानी कोटेशन कसं लिहायचं ते बघू. तोपर्यंत पिशव्या विकत घेऊ नका, आधी अंडं शोधा.